गोव्याच्या घामट उन्हाळ्यात दुभती गाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी सरत आला की पेडण्यापासून काणकोणपर्यंत दूध घालायला येणाऱ्यांच्या तोंडी एकच तक्रार असते: गाय तीच, खाणे तेच, मग दूध कुठे गेले? उत्तर शोधायला मोबाइल उघडला की जे व्हिडिओ आणि लेख सापडतात, ते बहुतेक विदर्भ, मराठवाडा, गुजरात किंवा राजस्थानच्या कोरड्या उन्हाळ्याचे असतात. त्यातले काही इथे चालते, काही निरुपयोगी ठरते आणि एकदोन गोष्टी तर गाईला उलट्या बाधतात. दोन गाईंच्या घरगुती गोठ्यापासून वीस-पंचवीस गाईंच्या गोठ्यापर्यंत सगळीकडे पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न म्हणून इथे एकत्र घेतले आहेत.

नागपूरला पारा ४४ वर जातो. आपल्याकडे ३३-३४. मग आपल्या गाईंना उष्णतेचा एवढा त्रास कसा?

गाईला त्रास किती होतो, हे एकट्या पाऱ्यावर ठरत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा तिचा उन्हाळ्यातला मुख्य मार्ग म्हणजे घाम आणि श्वास. दोन्हींत पाण्याची वाफ व्हावी लागते. हवा कोरडी असेल तर वाफ झरझर होते. हवेत आधीच दमटपणा भरलेला असेल तर घाम अंगावरच राहतो आणि उष्णता आत कोंडते.

म्हणून पशुवैद्यक तापमान आणि आर्द्रता एकत्र धरून एक निर्देशांक काढतात. त्याला टीएचआय म्हणतात. हा आकडा ७२ च्या वर गेला की दुभत्या गाईला ताण सुरू होतो, असे बरीच वर्षे मानले जात होते. जास्त दूध देणाऱ्या गाईंवर पुढे झालेल्या अभ्यासात ही मर्यादा ६८ पर्यंत खाली आली. आता हिशेब पाहा. ४४ अंश सेल्सिअस आणि १५ टक्के आर्द्रता, म्हणजे नागपूरची मे महिन्यातली कोरडी दुपार, तिचा आकडा ८६ च्या आसपास येतो. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता, म्हणजे आपल्याकडची साधी दुपार, तिचाही आकडा ८६ च्याच आसपास येतो.

खरा फरक रात्री पडतो. कोरड्या मुलखात २८ अंश आणि ३० टक्के आर्द्रतेच्या रात्री हा आकडा ७३ पर्यंत उतरतो. गोव्यात २७ अंश आणि ८५ टक्क्यांच्या रात्री तो ७९ वरच अडकून राहतो. दिवसभर साठलेली उष्णता रात्री बाहेर टाकून सकाळी ताजी व्हायची गाईची सोयच इथे हिरावली जाते. माझ्या मते गोव्यातल्या गोठ्याचे सगळे नियोजन या एका गोष्टीवर उभे राहायला हवे: गाईची रात्र थंड करा.

एक सावधगिरी. या आकड्यात ऊन आणि वारा धरलेला नाही. त्यामुळे सावलीत खारे वारे घेणारी गाय आणि पत्र्याखाली वारा नसलेल्या हवेत बांधलेली गाय, दोघींचा आकडा सारखा दिसेल. हाल मात्र सारखे नसतील.

हवामान खात्याने उष्णतेची लाट जाहीर केली तरच काळजी घ्यायची का?

नाही. किनारी भागात लाट जाहीर करायला तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असावे लागते. आर्द्रता ७५ टक्के असेल तर २४ अंशांतच टीएचआय ७२ ओलांडतो. लाटेचा इशारा आला तर जास्तीची काळजी घ्याच, पण इशारा नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

गाईच्या शरीरात नेमके काय होते?

गाईच्या कोठीपोटात चारा आंबतो आणि त्यातून उष्णता तयार होते. पोटात सदा पेटलेली चूलच म्हणा ना. जितके दूध जास्त, तितके खाणे जास्त आणि तितकी ही चूल मोठी. म्हणून पंधरा लिटरची संकरित गाय धापा टाकत असते, तेव्हा शेजारची तीन लिटरची गावठी गाय शांतपणे रवंथ करताना दिसते. होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीच्या गाईला साधारण ५ ते २५ अंशांची हवा मानवते. आपल्याकडे दुपारची हवा बाराही महिने बहुधा या पट्ट्याच्या वरच असते.

उष्णता वाढली की गाय आधी खाणे कमी करते, म्हणजे चुलीतले लाकूडच काढते. मग श्वास वाढवते. जोरजोरात श्वास घेताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि रक्ताचा समतोल राखण्यासाठी मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकतात. तोंडातून लाळही गळून जाते. ही लाळ पोटात गेली असती तर तिथली आम्लता आटोक्यात राहिली असती. रवंथ कमी, लाळ वाया, बायकार्बोनेट कमी, अशा तिन्ही बाजूंनी पोट आंबट होते. उन्हाळ्यात फॅट उतरते आणि पुढे खुरांची दुखणी निघतात, त्याचे मूळ बरेचसे इथे आहे.

ताण आलाय हे ओळखायचे कसे? आमच्याकडे कसलेही यंत्र नाही.

यंत्र लागत नाही, घड्याळ लागते. गाईच्या उजव्या-डाव्या कुठल्याही बरगडीमागच्या खळग्याकडे बघा. खळगा आत-बाहेर झाला की एक श्वास. अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. आरामात असलेल्या गाईचे मिनिटाला पन्नासच्या आतच भरतात. साठ ओलांडले की ताण सुरू झाला. ऐंशीच्या वर गेले की तो चांगलाच वाढलेला असतो. शंभरच्या वर, मान लांब, तोंड उघडे, जीभ बाहेर, लाळेची तार, अशी गाय धोक्यात आहे.

मोजायच्या वेळा महत्त्वाच्या. दुपारी तीनला मोजा, आणि रात्री नऊ-दहाला पुन्हा मोजा. दुपारचे ८५ रात्री ४५ झाले असतील तर गाय सावरते आहे. रात्रीही ७० असतील तर ती रोज थोडी थोडी हरते आहे, आणि त्याचा परिणाम दुधात दिसायला एक-दोन दिवस जातात. दूध उतरल्यावर धावाधाव करण्यापेक्षा रात्रीचे हे दोन मिनिटांचे मोजणे कितीतरी उपयोगाचे आहे. गोठ्याच्या खांबाला वही टांगून ठेवा.

बाकीच्या खुणाही बघा. गाई बसायचे टाळतात, कारण उभे राहिल्यावर अंगाला जास्त वारा लागतो. एरवी दुभती गाय दिवसातले दहा-बारा तास बसून असते. सगळ्या गाई पाण्याच्या टाकीपाशी किंवा एकाच सावलीत दाटीने उभ्या दिसल्या, दुपारची रवंथ थांबलेली दिसली, गव्हाणीत खुराक उरू लागला, तर समजा.

ऊन लागले की ताप आहे, हे कसे कळणार?

थर्मामीटर घ्या, फार महाग नसतो. गाईचे गुदद्वारातले तापमान साधारण ३८.५ अंश असते. उष्णतेच्या ताणाने ते ३९.५, ४० पर्यंत जाऊ शकते, पण भरपूर पाणी ओतून तासभर पंख्याखाली ठेवल्यावर उतरते आणि पहाटे बहुधा नेहमीसारखे येते. पहाटेही ताप असेल, एकाच गाईला असेल आणि बाकीच्या ठीक असतील, तर तो आजार समजून डॉक्टरांना बोलवा.

गोचिडांचे ताप याच दिवसांत डोके वर काढतात, आणि संकरित गाई त्यांना जास्त बळी पडतात. लघवी लाल किंवा कॉफीसारखी झाली तर बबेसिया. खांद्यापुढच्या गाठी सुजल्या, डोळ्यांच्या आतली कड पांढरी पडली तर थायलेरिया. दोन्ही दुखण्यांत एक दिवस वाया घालवणे महागात पडते. ‘ऊन लागले असेल’ म्हणून घरी थांबून गाई गमावल्या जातात, याचे फार वाईट वाटते, कारण वेळेत इलाज झाला तर या गाई वाचतात.

खुराक तेवढाच देतो, तरी दूध कमी का? फॅट का उतरते?

पुढ्यात ठेवणे आणि पोटात जाणे यात फरक आहे. आधी उरलेले मोजा. पण सगळी घट खाणे कमी झाल्यामुळेही नसते. संशोधनात असे दिसले आहे की दुधातल्या घटीपैकी साधारण निम्म्याच घटीचा हिशेब कमी खाण्याशी लागतो. उरलेली घट शरीराच्या अंतर्गत बदलांमुळे होते: ऊर्जा दुधाऐवजी स्वतःला सांभाळण्यात खर्च होते, आणि कातडीकडे जास्त रक्त वळल्याने आतड्यांचे रक्त कमी होऊन त्यांचे अस्तर दुबळे पडते. म्हणून केवळ खुराक वाढवून दूध परत येत नाही, गाय थंड केल्याशिवाय येत नाही.

फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) यांवर दर ठरत असल्यामुळे शेतकऱ्याला दुहेरी फटका बसतो. लिटर कमी आणि लिटरमागे पैसेही कमी.

फॉगर बसवू का? व्हिडिओत तर धुक्यासारखे पाणी सोडलेले दिसते.

या प्रश्नावर सर्वांत जास्त पैसे वाया जातात, म्हणून सविस्तर सांगतो.

फॉगर पाण्याचे अगदी बारीक तुषार हवेत सोडतो. ते हवेतच विरून जातात आणि हवा गार करतात. ही युक्ती कोरड्या हवेची आहे. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेची हवा पाणी पिऊन तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकते. म्हणून तिथे फॉगर चालतो, वाळ्याच्या ताट्या चालतात, कूलर चालतो. गोव्याच्या ३३ अंश, ७० टक्क्यांच्या हवेत कितीही फवारा मारला तरी ती फार तर २८ पर्यंत उतरेल, आणि तोवर दमटपणा शंभरावर गेलेला असेल. म्हणजे चार-पाच अंशांसाठी गाईचा घाम सुकायची उरलीसुरली शक्यता आपणच घालवली. वरून ते बारीक थेंब केसांच्या टोकांवर बसतात, कातडीपर्यंत पोचत नाहीत, आणि खालची जमीन मात्र ओली राहते. ओल्या जमिनीवर बसणारी कास म्हणजे कासदाहाला आमंत्रण.

दमट हवेत हवा गार करायच्या मागे लागू नये. गाय गार करावी. मोठ्या थेंबांचा फवारा किंवा साधा पाइप घेऊन गाईची पाठ आणि कुशी कातडीपर्यंत भिजवायची, पाणी बंद करायचे, आणि जोरदार पंखा लावून ते पाणी अंगावरच सुकवायचे. सुकले की पुन्हा भिजवायचे. साधारण एक मिनिट पाणी, चार-पाच मिनिटे वारा, असे अर्धा-पाऊण तास चालवायचे. इस्रायलच्या दमट किनारपट्टीवर ही पद्धत १९८० च्या दशकात रुजली आणि तिथल्या गाईंचे उन्हाळ्यातले दूध तिने सावरले.

पंखा का हवा, ते एका हिशेबात कळेल. एक लिटर पाणी अंगावरून वाफ होऊन गेले तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. तेच पाणी नुसते अंगावरून ओघळून सात-आठ अंशांनी कोमट होऊन गटारात गेले, तर जेमतेम सात-आठ किलोकॅलरी नेते. गाईचे शरीर गार होते ते वाफ झाल्यामुळे, आणि दमट हवेत वाऱ्याशिवाय वाफ होत नाही.

दोन पथ्ये. पाणी कासेपर्यंत ओघळायच्या आत थांबा, आणि धारेला बसण्याआधी कास व सड कोरडे पुसा. रात्री झोपण्याआधीचा एक फेरा मात्र चुकवू नका. दिवसाला एकच फेरा जमत असेल तर मी तो संध्याकाळच्या धारेआधी किंवा रात्रीच घ्यायला सांगेन.

ओली गोणपाटे पाठीवर टाकली तर?

कोरड्या वाऱ्यात ठीक. इथे गोणपाट तासाभरात कोमट होते आणि घाम अडवते. नको.

पंखे कुठे लावायचे?

घरातला छताचा पंखा गोठ्याला पुरत नाही. गाईच्या अंगाशी सेकंदाला दोन-तीन मीटर वेगाने वारा लागला पाहिजे. उभे राहून पाहा, अंगातला सदरा फडफडला पाहिजे. पंखे पाठीच्या वर, थोडे खाली झुकलेले, सगळे एकाच दिशेने, आणि ती दिशा बाहेरच्या वाऱ्याचीच ठेवा. दुपारी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध पंखे लावलेले गोठे दिसतात, तिथे दोन्ही वारे एकमेकांना मारतात. तारा आणि स्विच पाण्यापासून दूर ठेवा आणि अर्थिंग तपासून घ्या. ओल्या गोठ्यात करंट उतरून गुरे मरतात.

आमचा गोठा पत्र्याचा आहे आणि बुटका आहे. मोडून नवा बांधणे शक्य नाही.

मोडू नका. आधी भिंती बघा. पावसाच्या भीतीने आपल्याकडे तिन्ही बाजूंनी भिंती चढवतात आणि उन्हाळ्यात त्या तशाच राहतात. कमरेच्या वरची भिंत शक्य तिथे काढा आणि पावसाळ्यापुरता गुंडाळता येईल असा ताडपत्रीचा पडदा लावा. सर्वांत जास्त फरक यानेच पडतो आणि खर्च सर्वांत कमी येतो.

मग छप्पर. पत्र्यावर माडाच्या झावळ्यांचा जाड थर अंथरा आणि वाऱ्याने उडू नये म्हणून बांधून घ्या. पावसाआधी त्या काढाव्या लागतात, नाहीतर कुजतात आणि पत्रा गंजतो. झावळ्या नसतील तर वरून पांढरा चुना द्या. छपराच्या कण्याशी गरम हवा बाहेर पडायला फट ठेवता आली तर उत्तम. मंगळुरी कौलांच्या जुन्या गोठ्यांत कौलांमधून हवा खेळते, म्हणून ते दुपारी सुसह्य वाटतात. ते काढून पत्रे घालायची घाई करू नका.

नवा बांधत असाल तर लांबी पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत कमी शिरते. वळचणीची उंची दहा फूट तरी असावी. आणि भोवतीचे फणस-आंबे तोडू नका. झाडाची पाने स्वतःच पाणी हवेत सोडून थंड राहतात, त्यामुळे झाडाखाली पत्र्यासारखी वरून धग येत नाही. दुपारी झाडाखाली बांधलेल्या गाईचे श्वास मोजा आणि पत्र्याखालच्या गाईचे मोजा. बाकी काही समजावून सांगावे लागणार नाही.

म्हशींनाही हेच सगळे का?

म्हशीला जास्तच. काळी कातडी ऊन शोषते आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी. तिला डुंबायला मिळाले तर ती उत्तम राहते. ओहोळ किंवा तळे जवळ नसेल तर दिवसातून तीन-चारदा भरपूर पाणी घालून पंखा.

चारा आणि खुराक कधी, कसा द्यावा?

खाल्ल्यानंतर काही तासांनी पोटातली उष्णता सर्वांत जास्त असते. सकाळी नऊला भरपेट दिले तर ही उष्णता ऐन दुपारी बाहेरच्या उन्हाला येऊन मिळते. म्हणून मोठे खाणे पहाटे पाचच्या सुमारास आणि सूर्यास्तानंतर. दिवसाच्या खाण्याचा दोन-तृतीयांश भाग थंड वेळात पडला पाहिजे.

नुसता भाताचा पेंढा पचायला जड आणि त्यातून उष्णता जास्त, पोषण कमी. कोवळ्या संकरित नेपियरसारखा हिरवा चारा उन्हाळ्यासाठी राखून ठेवा, पेंढा रात्रीकडे ढकला. चारा कमी खाते म्हणून खुराक वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा, आधीच आंबट झालेले पोट त्याने आणखी बिघडते. चारा अगदी भुगा होईल इतका बारीकही कापू नका, रवंथ होऊ द्या.

घामातून गाईचे पोटॅशियम आणि सोडियम जाते, म्हणून खनिज मिश्रण व मीठ रोज द्यावे. खायचा सोडा पोटातली आम्लता सांभाळतो. बारा-तेरा किलो कोरडे अन्न खाणाऱ्या गाईला दिवसाला साधारण शंभर ग्रॅम, खुराकात मिसळून. गाभण आणि आटवलेल्या (विण्याआधी दूध बंद केलेल्या) गाईला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडा देऊ नका.

खोबऱ्याची पेंड आणि तांदळाचा कोंडा या हवेत लवकर खवट होतात. बिअरच्या कारखान्यातला ओला भुसा तर दोन दिवसांत बुरशी धरतो. थोडे थोडे आणा, वास घेऊन घाला.

काजूची बोंडे घातली तर चालतात का?

मूठभर चालतात. मार्च ते मेमध्ये काजूच्या बागेत सुटलेली गाय पोटभर बोंडे खाऊन येते आणि साखर एकदम पोटात जाऊन आम्लता वाढते. रस काढून उरलेला चोथा आंबलेला असतो, तो तर नकोच. उन्हाळ्यात पोट आधीच नाजूक असते, त्यामुळे या दिवसांत बागेत मोकळे सोडताना लक्ष ठेवा.

पाणी किती लागते?

दुभत्या संकरित गाईला उन्हाळ्यात दिवसाला ऐंशी ते शंभर लिटर, कधी त्याहूनही जास्त. सकाळ-संध्याकाळ बादली दाखवणे पुरत नाही. पाणी रात्रंदिवस पुढ्यात हवे. धार काढून झाल्याबरोबर गाय सर्वांत जास्त पाणी पिते, तेव्हा ते समोर असलेच पाहिजे.

आणि पाण्यात हात घालून बघा. छतावरची काळी टाकी आणि उन्हात पडलेला काळा पाइप यांतून दुपारी जवळजवळ अंघोळीचे पाणी येते. टाकीवर सावली करा, पाइप जमिनीत गाडा.

गाय वारंवार भरवूनही गाभण राहत नाही. उन्हाचा संबंध आहे का?

खूप आहे. उष्णतेत माज मुका होतो. गाय हंबरत नाही, दुसरीवर चढत नाही, माजाचा काळही आखडतो. दुपारी बघून काही कळत नाही. पहाटे आणि रात्री उशिरा गोठ्यात जाऊन सोट (माजाचा चिकट स्राव) बघा. रेतन झाल्यावर पहिला आठवडा फार नाजूक असतो, त्या दिवसांत अंग तापले तर गर्भ टिकत नाही आणि गाय एकवीस दिवसांनी उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. गाय रेतनासाठी उन्हातून चालवत नेण्यापेक्षा डॉक्टरांना गोठ्यावर बोलवा आणि पुढचा आठवडाभर तिला थंड करण्यात कसर ठेवू नका.

हवा सुधारल्यावरही गर्भधारणा लगेच सुधारत नाही. अंडाशयात वाढत असलेल्या बीजांना बसलेला फटका भरून यायला चाळीस-पन्नास दिवस जातात. तोवर गाय वांझ ठरवून विकू नका. वळूचेही तसेच: उन्हाळ्यात बिघडलेले वीर्य सुधारायला सुमारे दोन महिने लागतात.

आटवलेल्या गाईला तरी निदान सूट?

हीच समजूत सर्वांत महागात पडते. दूध देत नाही म्हणून तिला गोठ्याच्या टोकाला, पंख्यापासून लांब, कधी बाहेर उन्हात बांधतात. विण्याआधीच्या शेवटच्या पंचेचाळीस ते साठ दिवसांत कासेतल्या दूध बनवणाऱ्या पेशी नव्याने तयार होत असतात. या काळात ताण पडला तर पुढचे सगळे वेतच कमी दुधाचे जाते, मग विल्यावर कितीही थंड ठेवा. फ्लोरिडासारख्या दमट प्रदेशातल्या अभ्यासांतून हे स्पष्ट झाले आहे. वासरूही कमी वजनाचे जन्मते आणि चिकातली संरक्षक द्रव्ये त्याच्या अंगी नीट लागत नाहीत. पंखा एकच असेल तर दुभत्या गाईइतकाच आटवलेल्या गाईचाही त्यावर हक्क आहे.

पाऊस पडला की सुटलो ना?

अर्धे सुटतो. ऊन जाते, पण २९ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेतही टीएचआय ८२ असतो, आणि आपण नेमके तेव्हा ताडपत्र्या ओढून गोठा बंद करतो. आत वाफ आणि शेणमुताचा डोळ्यांना झोंबणारा वास कोंडतो. वाऱ्याची बाजू बंद करा, विरुद्ध बाजू उघडी ठेवा, पंखे चालू ठेवा. अंगावर पाणी मारायची गरज या दिवसांत सहसा नसते.

ऑक्टोबर मात्र विसरू नका. पाऊस थांबतो, ऊन कडक, जमीन ओली. ३२ अंश आणि ८० टक्के म्हटले की आकडा पुन्हा ८६. पंखे गणपतीनंतर काढून ठेवणाऱ्यांना याचा फटका बसतो.

मग गाय कुठली घ्यावी? आणि कधी आणावी?

गोव्याची स्वतःची गाय आहे, श्वेता कपिला. मुखापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पूर्ण पांढरी. जुन्या गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेच्या कामातून ती देशी जात म्हणून नोंदली गेली. दूध थोडे, पण या हवेत जन्मलेली, कमी चाऱ्यावर तगणारी. घरच्या दुधासाठी आणि शेतीसाठी ती पाळणाऱ्यांचे मला मनापासून कौतुक वाटते. गीर आणि साहिवाल यांनाही उष्णता बरीच सोसते.

दुधाचा धंदा करायचा तर बहुतेकांना संकरित गाय लागेल. विदेशी रक्त निम्म्याच्या आसपास असलेली गाय इथे सांभाळता येते. त्याच्या फार वर गेलात तर पंखे आणि पाण्याचा बंदोबस्त आधी, गाय नंतर. जर्सीचा संकर होल्स्टीनच्या संकरापेक्षा उष्णतेत थोडा सोसतो.

गोवा सरकारच्या कामधेनू योजनेतून असो वा स्वतःच्या पैशाने, परराज्यातून गाय आणायची तर नोव्हेंबर ते जानेवारीत आणा. कोरड्या, थंड रात्रींच्या मुलखातून आलेली, नुकतीच व्यालेली, भरदुधाची गाय एप्रिलमध्ये ट्रकमधून गोव्यात उतरली, तर प्रवास, नवा चारा आणि दमट रात्र हे सगळे तिच्यावर एकदम कोसळते. विकणाऱ्याने सांगितलेले वीस लिटर मग कधीच दिसत नाहीत, आणि घेणाऱ्याला फसल्यासारखे वाटते.

गाय धापा टाकत खाली बसली आणि उठत नाही. डॉक्टर यायला वेळ आहे. काय करू?

जागच्या जागी सावली करा. उठवायला मारझोड नको. डोके, मान, पाठ, पोट यांवर सतत पाणी ओता आणि पंखा लावा, वीज नसेल तर सुपाने, पुठ्ठ्याने, मिळेल त्याने वारा घाला. भोवतीची गर्दी हटवा. ती एका कुशीवर पडली असेल तर पेंढ्याच्या गठ्ठ्यांचा आधार देऊन छातीवर बसती करा, नाहीतर पोट फुगते. पाणी तोंडासमोर ठेवा, पण बाटलीने घशात ओतू नका. धाप लागलेल्या गाईच्या फुप्फुसात ते उतरते आणि तिथेच घात होतो. ताक, गुळाचे पाणी, लिंबू, काहीही असले तरी हाच नियम.

दर दहा मिनिटांनी तापमान घ्या. ४१ च्या वर असेल तर पाणी थांबवायचे नाही. ३९.५ पर्यंत उतरले की पाणी बंद करून फक्त वारा ठेवा. नुकतीच व्यालेली गाय असेल तर डॉक्टरांना फोनवरच तसे सांगा, कारण कॅल्शियम कमी झाल्यानेही गाय अशीच बसते आणि त्याचे इंजेक्शन त्यांना सोबत आणावे लागेल. उठून उभी राहिली तरी पुढचे तीन-चार दिवस तिला रोज रात्री भिजवून पंख्याखाली ठेवा, आणि खुराक एकदम पूर्ण न देता हिरव्या चाऱ्यापासून हळूहळू वाढवत न्या.